गोल्डफिशची टाकी: पाणी हिरवंगार, काचेवर ठिपके, दगडांवर काळी दाढी. सुरुवात कुठून करावी? (इंदूर)

सोनपंखी
टाकी ३६ बाय १५ बाय १८ इंची, पूर्वेच्या खिडकीपासून चार फुटांवर. मासे चार: दोन ओरांडा, दोन लांब शेपटीचे साधे. शिवाय दुकानदाराने काच साफ ठेवायला दिलेला एक सकर मासा. टॉप फिल्टर तासाला ८०० लिटरचा, बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन. एलईडी ३६ वॅट, सकाळी ८ ते रात्री १०. खाणं दिवसातून तीनदा. दर पंधरा दिवसांनी अर्धं पाणी बदललं जातं, ते बोरिंगचं, कारण नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि ते पाणी घरात लागतं.

तक्रारी तीन. पाणी इतकं हिरवं की मागची काच दिसत नाही. पुढच्या काचेवर घट्ट हिरवे ठिपके, स्पंजने निघत नाहीत. दगडांवर आणि अनुबियाच्या पानांच्या कडांना काळे, आखूड, दाढीसारखे झुपके. पाणी तपासायच्या किटवर (लिटरमागे मिलिग्रॅम) अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ८०च्या रंगाला, पीएच संध्याकाळी ८.६. दुपारचं तापमान ३०. शेवाळं मारायचं औषध दोनदा टाकलं, दोन्ही वेळा आठवड्याभरात पाणी पुन्हा हिरवं. यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्यासमोरून पाणी नेऊन शेवाळं मारणारं उपकरण, घ्यावा का? आणि कामाचा क्रम काय ठेवावा?

नितळकाका
ताई, माहिती नीट दिलीत, म्हणून उत्तरही नेमकं देता येईल. तुमच्याकडे एक शेवाळं नाही, तीन आहेत, आणि तिघांचा उपाय वेगळा आहे. पाणी हिरवं करणारं शेवाळं पाण्यात तरंगतं. ते एकपेशी असतं, स्पंजमधून आरपार जातं, त्यामुळे फिल्टर कितीही मोठा लावला तरी फरक पडत नाही. काचेवरचे ठिपके जोरदार उजेडाने येतात. काळी दाढी ही खरं तर लाल शेवाळाच्या कुळातली. तिला साचलेला गाळ आणि पाण्यातला सतत वरखाली होणारा कार्बन डायऑक्साइड मानवतो.

आधी एक खात्री करा. पांढऱ्या कपात टाकीतलं पाणी घेऊन उजेडात बघा. हिरवी झाक असेल तर शेवाळं. दुधट, राखाडी असेल तर तो जिवाणूंचा गढूळपणा, त्याला यूव्ही किंवा अंधार हा पहिला उपाय नाही. तिथे खाणं कमी करून फिल्टरची जिवाणूवस्ती बसू द्यायची असते.

औषध बंद करा. त्याने शेवाळं मरतं, पण मेलेलं शेवाळं टाकीतच कुजतं, त्यातलं नत्र पाण्यात परत येतं आणि पुढचं शेवाळं त्याच्यावरच पोसतं. दोन्ही वेळा आठवड्याने तेच का झालं, त्याचं उत्तर हे आहे. बाटलीवर तांबं, म्हणजे कॉपर लिहिलेलं असेल तर गोगलगायी मरतात आणि ते तांबं पाण्यात रेंगाळतं.

आता दोन आकडे हवेत. एक, बोरिंगच्या आणि नळाच्या पाण्याचा नायट्रेट वेगवेगळा मोजा. दोन, पीएच सकाळी दिवा लागायच्या आधी मोजा.

तीनफुटी
काकांच्या आधी एक हिशोब मांडतो, कारण पुढचं सगळं लिटरवर चालणार. ३६ बाय १५ बाय १८ म्हणजे काठोकाठ १५९ लिटर. पण टाकी काठोकाठ भरत नाही आणि तळाला खडी असते. दोन इंच वरून, दोन इंच खालून सोडले तर पाण्याची उंची १४ इंच, म्हणजे सुमारे १२४ लिटर. काचेची जाडी आणि दगड वजा करून १२० धरा. दुकानात "दीडशे लिटरची टाकी" म्हणतात आणि लोक दीडशेच्या हिशोबाने औषध ओततात. तिथेच पाव मात्रा जास्त जाते.

सोनपंखी
आकडे घेतले. बोरिंग: नायट्रेट ४०च्या रंगावर. नळ: ५च्या आसपास. पीएच सकाळी ७.६, संध्याकाळी ८.६. कपात पाणी स्वच्छ हिरवं दिसतं, पोपटी. अजून एक गोष्ट: सकाळी सहाच्या सुमारास चारही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, नऊपर्यंत खाली जातात. भूक लागली म्हणून असेल का?

नितळकाका
ताई, ती भूक नाही. तो श्वास आहे. सगळं सोडून आधी हे.

हिरवं पाणी दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच प्राणवायू स्वतः खातं. पहाटे टाकीतला साठा सगळ्यात कमी असतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो: १५ अंशांना लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास, २० अंशांना ९, ३० अंशांना साडेसात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, ओरांडासारख्याला १८ ते २३ अंश सोयीचे. एप्रिलमध्येच ३० असेल तर मे महिन्यात काय होईल ते ओळखा. आज रात्रीपासून दुसरा एअर स्टोन लावा, टॉप फिल्टरच्या पाण्याची धार पृष्ठभागावर पडू द्या, फिल्टर रात्री कधीच बंद करू नका. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा.

पीएच सकाळी ७.६ आणि संध्याकाळी ८.६ हाही त्याच गोष्टीचा पुरावा. शेवाळं दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो. चढलेल्या पीएचला आणि तापलेल्या पाण्यात थोडासा अमोनियासुद्धा जास्त विषारी होतो. म्हणून फिल्टर धुण्यासारखी कामं संध्याकाळी करू नका, सकाळी करा.

आता बोरिंग. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे नायट्रेटपुरतं तुमचं बोरिंगचं पाणी माणसाला चालणारं आहे, पण टाकीच्या दृष्टीने ते आधीच खत घातलेलं पाणी आहे. तुम्ही दर पंधरवड्याला शेवाळाला ताट वाढत होता, दोष तुमचा नाही, हे कुणी सांगत नाही.

तीनफुटी
काकांचं म्हणणं आकड्यात. टाकीत नायट्रेट ८०, दर वेळी ३० टक्के बदल.
बोरिंगच्या पाण्याने: ८० → ६८ → ६० → ५४ → ५०. कितीही वेळा बदला, ४०च्या खाली जाणारच नाही.
नळाच्या पाण्याने: ८० → ५७ → ४२ → ३१ → २३. चार बदलांत काम झालं.
मासे रोज जी भर घालतात ती यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वर राहील. पण दिशा बघा.
३० टक्के म्हणजे ३६ लिटर, दोन बादल्या आणि थोडं. नळ एक दिवसाआड येतो, बदलही एक दिवसाआड करा. आठवड्यात चार बदल होतात. त्यानंतर आठवड्याला एकदा ४० टक्के.

बिलावलीकाठ
एकदम ९० टक्के बदलून मोकळं व्हावं असं वाटेल, ते करू नका. जुन्या पाण्यात राहिलेल्या माशाला पीएच, क्षार आणि तापमान एका झटक्यात बदललेलं सोसत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मारल्याशिवाय एक मगही टाकीत जाऊ नये. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून जे खडे मिळतात ते सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले ज्याला हायपो म्हणतात तेच. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करा, गडद बाटलीत ठेवा. दर १० लिटर नव्या पाण्याला १ मिली. म्हणजे ३६ लिटरला साडेतीन ते चार मिली. ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग टाकीत. खात्री हवी असेल तर वेगळ्या कपात ते पाणी घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीओचे थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. छतावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी घेऊ नका, ते तापलेलं असतं. रात्री बादल्या भरून ठेवा, सकाळी वापरा.

मालवामीन
उजेडाबद्दल कुणी बोललं नाही. चौदा तास दिवा म्हणजे फार झालं. गोल्डफिशला दिव्याची गरज नाही, आपल्याला बघायला हवा म्हणून तो असतो. अनुबियाला सहा तास पुरतात. प्लगमध्ये लावायचा टायमर घ्या आणि घरी सगळे असतात ती वेळ ठेवा, दुपारी ४ ते रात्री १०. हाताने चालू-बंद करण्यावर विसंबू नका, आठवड्यात दोनदा विसरतं माणूस. ३६ वॅट मंद करता येत नसेल तर दिवा सहा इंच वर टांगा. पूर्वेच्या खिडकीचं ऊन सात ते नऊ थेट काचेवर येत असेल तर टाकीच्या त्या बाजूला आणि पाठीला काळा चार्ट पेपर बाहेरून चिकटवा. पडदा उघडा राहतो, कागद राहत नाही.

आणि हिरव्या पाण्यासाठी सरळ चार दिवस अंधार करा. गोधडी घाला, विषय संपला.

नितळकाका
अंधाराला माझा विरोध नाही, पण आज नाही. मासे पहाटे वर येत असताना अंधार केला तर शेवाळं दिवसाही प्राणवायू देणार नाही, फक्त खाणार, आणि मेल्यावर कुजताना आणखी खाईल. दोन स्टोन चालू, दोन पाणीबदल झालेले आणि पहाटे मासे खाली, एवढं झाल्यावरच अंधार.

करायचा कसा ते सांगतो. आदल्या दिवशी ३० टक्के पाणीबदल, खडीतला गाळ सायफनने ओढून. दिवा बंद. चारही बाजूंनी गोधडी किंवा काळा कागद, वरून हवा खेळायला बोटभर फट, पण ती खिडकीकडे नको. स्टोन जोरात. खाणं बंद, मोठ्या निरोगी गोल्डफिशला चार दिवस उपास बाधत नाही. अधूनमधून गोधडी वर करून बघण्याचा मोह टाळा, मासे बघायचेच तर रात्री अंधाऱ्या खोलीत क्षणभर. चार दिवसांनी उघडून लगेच अमोनिया मोजा आणि ४० ते ५० टक्के पाणी बदला. हा शेवटचा बदल लोक गाळतात आणि मग म्हणतात की अंधार करून उपयोग झाला नाही. मेलेलं शेवाळं बाहेर काढलंच नाही तर उपयोग कसा होणार?

स्पंजफिल्टर
काकांना आदर ठेवून सांगतो, या टाकीला मी यूव्ही सुचवेन. उन्हाळ्यात, वीज जाणाऱ्या भागात, चार दिवसांच्या अंधारापेक्षा ९ वॅटचा यूव्ही सुरक्षित आहे. १२० लिटरला तो पुरतो. पाण्याचा वेग तासाला ३०० ते ५०० लिटर ठेवा. ८०० लिटरच्या पंपावर थेट लावला तर पाणी दिव्यासमोरून पळून जातं, मार नीट बसत नाही. छोटा वेगळा पंप जोडा. तीन ते पाच दिवसांत पलीकडची काच दिसायला लागते.

मर्यादा लक्षात घ्या: यूव्ही फक्त त्याच्या नळीतून जाणारं मारतो. काचेवरचे ठिपके आणि दाढी जागेवरच राहतात. आतल्या काचनळीवर आपल्या कठीण पाण्याचा पांढरा थर बसतो, महिन्याने व्हिनेगरने पुसा, नाहीतर दिवा जळतो पण किरण बाहेर येत नाहीत. वर्षभर अखंड चालला की आतला दिवा बदला, डोळ्यांना उजेड दिसत असला तरी. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

नितळकाका
मान्य. पहाटे मासे वर येत असतील तिथे यूव्हीच बरा. नायट्रेट आणि उजेड मात्र दोन्ही वाटांनी कमी करावेच लागतील, नाहीतर यूव्ही बंद केल्यावर आठवड्यात पुन्हा तेच.

सोनपंखी
ठीक, यूव्ही मागवते. दुसरा स्टोन काल रात्री लावला, आज सहाला एकच मासा वर होता. तुरटी फिरवून गाळ बसवायला एकांनी सांगितलं, ते करू का? आणि काळ्या दाढीचं काय करायचं?

बिलावलीकाठ
तुरटी टाकीत अजिबात नको. पाण्याचा पीएच धरून ठेवणारी क्षारता ती खाते, आणि शेवाळाचे गोळे माशांच्या कल्ल्यांवर बसू शकतात.

दाढीला हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. लेबल वाचा, ६ टक्के असेल तर आरओचं पाणी समप्रमाणात मिसळून ३ टक्के करा. हातमोजे घाला.

दगड आणि अनुबिया बाहेर काढता येत असतील तर बाहेर काढून करणं उत्तम. ताटलीत ठेवा, दाढीवर ३ टक्क्यांचं द्रावण फवारा, दोन-तीन मिनिटं, मग बादलीतल्या टाकीच्या पाण्यात खळबळून परत. बारीक बुडबुडे येताना दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळा रंग आधी गुलाबी, मग करडा होतो. काळा आहे तोवर जिवंत, गुलाबी झाला की मेलं. ज्या पानांची अर्धी कड दाढीने भरली आहे ती कापूनच टाका.

जड दगड हलत नसेल तर टाकीत: फिल्टर आणि यूव्हीचा पंप बंद, सुईशिवाय सिरिंजने दाढीवर अगदी जवळून हळूहळू सोडा, दहा मिनिटं थांबा, फिल्टर चालू. १२० लिटरला एका दिवसात ३ टक्क्यांचे २५ मिली, त्यावर नाही, आणि ते मासे पहाटे वर येणं थांबल्यावरच. स्टोन मात्र चालू ठेवा. फिल्टरच्या स्पंजवर टाकू नका, तिथले जिवाणू मरतील.

मालवामीन
काचेवरच्या ठिपक्यांना स्पंज घासत बसू नका. दाढीच्या ब्लेडची तिरपी खरड, काच ओली असताना, वरून खाली. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला ब्लेड लागता कामा नये, बोटभर सोडा. तिथे जुनं एटीएम कार्ड वापरा. मॅग्नेट क्लीनर खडीपर्यंत नेऊ नका. एक खडा अडकला की काचेवर आडवा ओरखडा, तो जन्मभर.

पाण्याच्या रेषेवरचा पांढरा खरखरीत पट्टा हे शेवाळं नाही, तो क्षार आहे. पाणी चार बोटं कमी करून व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसा.

तीनफुटी
सकरबद्दल. त्याला काच साफ करायला दिलं, पण तो मोठा होतो, दीड फुटापर्यंत. तो उष्ण पाण्याचा मासा, आणि खाणं कमी पडलं की रात्री गोल्डफिशच्या अंगावरची बुळबुळीत साय चाटतो. ओरांडाच्या अंगावर गोल लाल चट्टे दिसले तर समजा. शिवाय तो स्वतःच भरपूर घाण करतो, म्हणजे नायट्रेटमध्ये भर. दुकानात परत द्या. दुकानदार घेत नसेल तर मोठी टाकी असणाऱ्याला द्या, पण तलावात, नदीत सोडू नका. हा आपला मासा नाही, आणि नैसर्गिक पाण्यात शिरला की काठ पोखरून घरं करतो, तिथून तो काढता येत नाही.

स्पंजफिल्टर
खाण्यावर थोडं. तीनदाचं दोनदा करा. दाणे कपात दहा मिनिटं भिजवा, मगच टाका. कोरडे दाणे पोटात फुगतात असं बरेच पाळणारे मानतात, आणि भिजवल्यावर वजनाचा अंदाजही बरा येतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एकदा दाण्याऐवजी उकडून साल काढलेला मटार, माशामागे एक, तुकडे करून. तळाला गेलेला दाणा हा शेवाळाचा दाणा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू जातात आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया येतो. पाणीबदलाच्या वेळी काढलेल्या टाकीच्या पाण्याच्या बादलीत पिळा, दोन स्पंज असतील तर एका आठवड्याला एक.

सोनपंखी
पंख्याने पाणी थंड होतं का? आणि टाकीत झाडं वाढवावीत का? गोल्डफिश सगळं उपटतात.

नितळकाका
पंखा चालतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा, दोन ते चार अंश उतरतात. जुलैत हवा दमट झाली की परिणाम उरत नाही. खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तरी पंख्याचा असर कमी होतो, कारण हवेत आधीच ओल असते. पण कूलरने खोलीच थंड होत असेल तर तेही चांगलंच. पंख्यामुळे रोज लिटर-दोन लिटर पाणी उडेल. उडतं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. म्हणून ती भर आरओच्या पाण्याने करा. आरओचं टाकाऊ पाणी वाया जातं म्हणून ते टाकीत घालणारे बरेच आहेत. त्यात क्षार आणि नायट्रेट दाटलेले असतात, ते झाडांना घाला, टाकीला नको.

झाडांपैकी मनी प्लांट. फांदी टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये ठेवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानं पाण्यात बुडू देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे काही दिसत नाही, पांढरी मुळं फुटली की नायट्रेट खायला लागतं. नवं पान फिकट पिवळं पडायला लागलं आणि किट १०च्या खाली दाखवत असेल तर समजा त्याला आता अन्न कमी पडतंय, म्हणजे शेवाळालाही. टाकीत अनुबिया आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा, मुळांची गाठ खडीत पुरू नका, कुजते.

सोनपंखी
दहा दिवसांचे आकडे. नळाच्या पाण्याने पाच बदल. नायट्रेट २५च्या आसपास, पीएच सकाळी ७.६, संध्याकाळी ७.९. यूव्ही सहा दिवस चालू, मागच्या काचेवरच्या सिलिकॉनची रेघ दिसते. पहाटे मासे खाली. दाढी दोन दगडांवर गुलाबी झाली, तिसऱ्यावर अजून काळी. सकर दुकानदाराने परत घेतला. मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचं आहे, शेजारी किल्ली ठेवणार. त्यांना काय सांगू?

नितळकाका
तिसऱ्या दगडाला तीन दिवसांनी पुन्हा एकदा, तेवढ्याच मात्रेत. जाण्याच्या आदल्या दिवशी ४० टक्के पाणीबदल आणि यूव्हीच्या काचनळीची सफाई. टायमर चार तासांवर. सुट्टीचे खाण्याचे ठोकळे मिळतात ते टाकू नका, उन्हाळ्यात विरघळून पाणी नासवतात. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवसासाठी भिजवायचे दाणे मोजून तीन वेगळ्या पुड्या बांधा, वर वार लिहा आणि मोठा डबा घरात दिसणार नाही असा ठेवा. शेजाऱ्यांना एवढंच सांगा: पुडीव्यतिरिक्त काही नाही, वरून घालायला आरओच्या पाण्याची बाटली टाकीशेजारीच आहे, आणि फिल्टरचा आवाज थांबलेला असेल तर रात्री कितीही वाजले तरी फोन करा.